मामांचा खोकला घरी असतो

१

मी थापाड्या आहे, हे आधीच सांगून टाकतो. डहाणू रोड स्टेशनपासून तलासरी नाक्यापर्यंत कुणालाही विचारा, शैलेश मंडपवाला कसा माणूस? आधी हसतील, मग म्हणतील, "माणूस लाखाचा, पण तो म्हणाला ऊन पडलंय तर छत्री घेऊन निघा." वरोरच्या किनाऱ्यावर माणसासारखा शिंकणारा बोंबील सापडला होता, ही बातमी माझीच. तेव्हा पुढचं तुम्हाला पटलं नाही तर माझा राग नाही. मलाही ते पटत नाही, आणि मी तर तिथे होतो.

आमचे सूर्यकांतमामा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाल्यावर नरपडच्या रस्त्याला घर बांधून राहिले. पुढे ओटी, ओटीवर सागवानी झोपाळा, बाजूला थोडी चिकूची झाडं. मामा-मामींना मूलबाळ नाही. त्यामुळे त्यांचा मुलगा मी, जावई मी आणि फुकटचा वायरमनही मीच.

दुपारी चारला त्या घरात एक कार्यक्रम ठरलेला असे. नयनामामी पुदिना आणि गवती चहा, आमच्याकडे त्याला लीली चा म्हणतात, घालून दोन कप उकळून आणायची. मामा झोपाळ्याच्या उजव्या टोकाला, मामी डाव्या. मामा चहा बशीत ओतत, फुर्रर्र करून ओढत आणि मग खोकत. त्यांचा खोकला म्हणजे मालगाडी सुटल्यासारखा. आधी इंजिनाचा एक जोरदार हिसका, मग तो हिसका डब्याडब्यांतून मागे मागे पोचत जाणार आणि अगदी शेवटी, गार्डाच्या डब्यात, बारीकसा "हं". त्या "हं"ची वाट बघून मामी म्हणायची, "अहो, स्वेटर घाला." मे महिन्यातसुद्धा.

तर तलासरीला एका हॉलमध्ये आरोग्याचं सेमिनार होतं. खुर्च्या आणि साऊंड माझा. नाश्ता फुकट होता म्हणून मी मामांना टेम्पोत घालून नेलं. व्यासपीठावर वर्षामॅडम. कंपनीचं नाव सांगत नाही, डब्यावर उधळलेला घोडा होता एवढं पुरे. आत मोरपिशी रंगाच्या कॅप्सूल.

"काका-काकूंनो," मॅडम म्हणाल्या, "म्हातारपण हा आजार नाही. ती एक सवय आहे. रोज सकाळी दुधाबरोबर दोन कॅप्सूल, चहा एकदम बंद, आणि बघा ही सवय तुम्हाला सोडून जाते की नाही."

मामांनी हात वर केला. "जाते म्हणजे कुठे जाते?"

"म्हणजे, काका?"

"मी आयुष्यभर मालगाडीवर होतो, बाई. माल एका स्टेशनातून सुटला की दुसऱ्या स्टेशनात उतरतो. मधल्यामध्ये नाहीसा होत नाही. हा माल उतरवून कोण घेतं?"

हॉल खो खो हसला. "काका जोक भारी मारतात," म्हणत मॅडमही हसल्या. मामा स्वतःसुद्धा हसले आणि त्यांनी डबा घेतला. प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

२

सुरुवातीला काही नाही. घोडा खाल्ला की ढेकर येतात, एवढीच मामांची तक्रार. ("घोडा खाल्ला का?" हे आमच्या घरात सर्रास विचारलं जाऊ लागलं. नवखा पाहुणा दचकायचा.)

मग एके सकाळी मामांनी फाटक उघडलं नाही. त्यावरून उडी मारली.

त्यानंतर काही विचारू नका. कानशिलांवरचे केस आतून काळे यायला लागले. गुडघ्यांची कटकट गेली. चष्मा कपाटावर पडून राहिला. खोकला तर साफच गेला. मामा पहाटे समुद्रावर, सुरूच्या झाडांखालून पळायला जाऊ लागले. दुपारी सायकल. एका रविवारी महालक्ष्मीच्या गडावर मधे कुठेही न टेकता चढले आणि वर पोचून, धापा टाकणाऱ्या पोरांना पाणी वाटलं. ही माझी थाप नाही. फोटो आहे.

स्टेशनासमोरचा गुजराती किराणावाला कौतुकाने म्हणाला, "अरे काका, तमे तो जुवान थई गया! हवे काकीने पण आपो!"

काकीलाही द्या, हे मामांनी मनावर घेतलं. दुसरा डबा आणून मामीपुढे ठेवला. मामीने तो उलटसुलट करून पाहिला आणि घोडा भिंतीकडे तोंड करून फडताळात ठेवून दिला.

"मला नको. माझं म्हातारपण आत्ता कुठे अंगाला बसलंय. ते उसवून काय करू?"

"अगं, पण दोघं मिळून पळायला जाऊ!"

"कशासाठी? कोण मागे लागलंय?"

मामा हसत सायकलवर टांग मारून निघून गेले. सांगायचं एवढंच की आता चार वाजता ते घरी नसत. चहा तर बंदच होता.

मामांची पंचाहत्तरी जवळ आली होती. मी ठरवलं, अंगणात मंडप, वर झालर, साऊंड एक नंबर, सगळं आपल्याकडून. माप घ्यायला एका दुपारी टेप घेऊन गेलो. मामी मागे परसात होती. ओटीवरून झोपाळ्याची कुरकुर ऐकू येत होती, म्हणून मी अंगणातूनच माप घेत घेत ओरडलो, "मामा, स्टेज चिकूच्या बाजूला टाकू ना?"

ओटीवरून फुर्रर्र आवाज आला. मग खोकला. इंजिनाचा हिसका, डब्यामागून डबे, आणि शेवटी बारीक "हं".

"ठीक," म्हणालो आणि मी माप लिहून घेतलं.

पाठीमागे सायकलची घंटी वाजली. फाटकातून हाफपँट घातलेले मामा आत आले. हातात कोळणीकडून आणलेले ताजे बोंबील. "काय रे शैल्या," ते म्हणाले, "कुणाशी बोलतोयस?"

३

आता बघा, मी साऊंडवाला माणूस. आवाजाला कारण असतं, यावर माझं दुकान चालतं. शिटी वाजली तर माईक स्पीकरसमोर आहे. घरघर झाली तर अर्थिंग नाही. भूत ही गोष्ट मी फक्त इतरांसाठी ठेवलेली आहे, गिऱ्हाईक कंटाळलं की सांगायला.

म्हणून मी ओटीवर गेलो. झोपाळा हलत होता, पण हलके हलके थांबत आला होता. समुद्रावरचा वारा, मी म्हटलं. कड्या तपासल्या, तेल नव्हतं, कुरकुर तिथून. खोकला शेजारच्यांच्या टीव्हीतला असेल. हे सगळं अगदी छान जुळलं. फक्त झोपाळ्याच्या उजव्या टोकाला कपबशी होती. कप रिकामा. बशीत चहाचा ओला गोल, आणि काठावर, जिथे ओठ लावतात तिथे, पुदिन्याचं एक पान चिकटलेलं.

मामी घेत असेल दोन कप. बाईमाणसाने दोन कप चहा घेऊ नये असा काही कायदा नाही.

त्या घरी लाडकी कामाला येते. वाडीतले चिकू उतरवण्यापासून झाडलोट करण्यापर्यंत सगळं बघते आणि सगळ्यांना झापते. ती केरसुणी घेऊन आली, तशी मी सहज विचारलं, "लाडके, दुपारी इथे कोण असतं गं?"

"कोण म्हंजे? आजी असते नं बाबा असतो."

"बाबा तर सायकल घेऊन जातो."

"जातो तं येत असंल. मला काय ठावं? मी खालती वाकून झाडते. बाबाचं पाय असतात झोपाळ्याखाली. 'बाबा, पाय' म्हटलं का वर उचलतो, मी झाडून घेते, मग परत ठेवतो." तिने माझ्या पायांवर केरसुणी मारली. "तुझ्यापेक्षा शहाणा. तू हल की!"

मी हललो.

"पाय कसे असतात?" मी विचारलं.

"आता पायाला काय बघायचं? म्हाताऱ्याचं पाय. सुजलेलं, नं डाव्या अंगठ्याचं नख काळं."

मामांच्या डाव्या अंगठ्यावर कधीकाळी गार्डाच्या डब्याचं दार पडलं होतं. ते नख कायमचं काळं झालं होतं. मी अंगणात पाहिलं. मामा नळावर पाय धूत उभे होते. गोऱ्यापान, घट्ट पोटऱ्या. अंगठ्याचं नख बाळाच्या नखासारखं गुलाबी.

४

मी मामांना काही सांगितलं नाही. सांगून उपयोग काय? शिंकणारा बोंबील त्यांनीही ऐकला होता.

पण गोष्ट लपली नाही. एक दिवस सायकल पंक्चर झाली आणि मामा दुपारचे लवकर घरी आले. मी ओटीवर नवीन बोर्ड बसवत शिडीवर होतो, म्हणून पुढचं सगळं वरून पाहिलं. मामी झोपाळ्याच्या डाव्या टोकाला बसून लसूण सोलत होती आणि हळू आवाजात बोलत होती. काही विशेष नाही. गॅसवाला आला नाही, शेजारणीची सून रुसून वापीला गेली, असलंच. मध्येच थांबायची, ऐकायची, हसायची. हे मी बराच वेळ बघत होतो. म्हातारी माणसं स्वतःशी बोलतात, असं मी बोर्डाच्या स्क्रूला समजावत होतो.

मामा धाडधाड पायऱ्या चढले. "अगं नयना, पंपाची नळी कुठे..."

मामीने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

शिडीवर माझ्या हातून स्क्रू पडला. तो टणटण करत खाली गेला, आणि झोपाळ्याच्या उजव्या टोकाकडून झोपमोड झालेल्या माणसासारखा एक लहानसा कण्हण्याचा आवाज आला.

"बघ, उठवलंस!" मामी मला म्हणाली.

मामांनी रिकाम्या उजव्या टोकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुणाचा डोळा?"

"आता मला नाव घ्यायला लावू नका," मामी लाजली. खरंच लाजली. मामीने लग्नातला उखाणा सोडला तर मामांचं नाव कधी तोंडाने घेतलेलं नाही. अहो, ते, हे. त्यावर तिचा सगळा संसार झालेला.

"नयना, मी इथे उभा आहे!"

"उभेच असता तुम्ही हल्ली. बसता कुठे?" मामी लसूण सोलत म्हणाली. रागावून नाही, साधं. "तुमचा चहा बंद झाला. माझा हात मात्र रोज दोन कप टाकायचा. टाकलेला चहा ओतून कसा देऊ? ठेवला तुमच्या जागेवर. थोड्या वेळाने बघते तर कप रिकामा. म्हटलं, बरं झालं. आले."

मामांनी त्याच दिवशी घोड्याचा डबा नेऊन समुद्रात फेकला. दुसऱ्या दिवशी चारला आंघोळ करून, स्वेटर घालून झोपाळ्याकडे आले, आणि उजव्या टोकाला बसायला गेले. बसता येईना. म्हणजे फळी रिकामी दिसत होती, पण मामा अर्धे टेकले, थबकले, आणि गाडीत कुणाच्या मांडीवर बसल्यासारखे तसेच उठले.

"सरका की जरा," मामी म्हणाली. मामांना नव्हे. त्या टोकाकडे बघून.

झोपाळा कुरकुरला. बोटभर जागा झाली असावी. तेवढ्या जागेत मामा पार्श्वभाग आवळून बसले, बशीत चहा ओतला आणि ओढला. आवाज झाला नाही. गिळला गेला, सुळकन, तरुण घशातून. त्यांनी खोकून पाहिलं. घसा स्वच्छ. मामी त्यांच्याकडे बघत होती, पाहुण्याकडे बघतात तशी, की ह्यांना आणखी साखर लागेल का.

रात्री मला फोन आला. "शैल्या, माझ्या घरात माझी जागा कोणीतरी घेतलीय."

"कोणी, मामा?"

पलीकडे आधी दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तेच सांगता येत नाही ना. परका असता तर हाकलला असता."

५

पंचाहत्तरीवर मामांनी सगळा डाव लावला होता. "सगळ्यांसमोर पाटावर मी बसणार," ते मला म्हणाले, "ती मला ओवाळणार आणि माझं नाव घेणार. नाव घेतलं की झालं. 'अहो'ला कुणीही ओ देईल. नाव माझं आहे." पोरगं शाळेच्या निकालाला जातं तसा त्यांचा चेहरा झाला होता. मामी आपली आहे की नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच विचारावं लागत होतं.

मंडप फर्मास झाला. रेल्वेतले जुने लोक आले, समुद्रावर पळणारा ग्रुप आला, किराणावाला आला. लाडकी नवीन लुगडं नेसून पहिल्या रांगेत. मी मामीच्या पदराला कॉलर माईक लावला. मामांचा हातातला माईक माझ्याकडे, बंद.

मामी ताम्हण घेऊन मंडपात उभी राहिली. मामा कडेला, हार सावरत. ती नेहमीसारखी म्हणाली, "अहो, या. पाटावर बसा."

"आलो, आलो."

स्पीकरमधून स्पष्ट. घोगरा, दमट, बशीतल्या चहाचा आवाज.

मग मामा म्हणाले, "आलो!"

लोक हसले. "इको मारतोय रे शैल्या, कमी कर!" कुणीतरी ओरडलं. मी मान डोलावली, बटणाला हात लावला. पण मी साऊंडवाला आहे, माझं हे पोट आहे. इको मागून येतो. हा आधी आला होता. आणि मिक्सरवर ज्या चॅनेलला मी वायरच लावली नव्हती, त्याचा हिरवा दिवा कुणी श्वास घेतल्यासारखा वरखाली होत होता.

मामा पाटावर बसले. "नाव घ्या! नाव घ्या!" बायकांनी गलका केला. मामीने मामांकडे पाहिलं. काळे केस, ताठ पाठ, चकाकते डोळे. खूप प्रेमाने पाहिलं, हे मी शपथेवर सांगतो. मग तिने त्यांच्या गालाला हात लावला, म्हणाली, "तुम्ही बसा हं, आलेच," आणि ताम्हण घेऊन, वातीला हाताचा आडोसा धरून, त्यांच्या बाजूने मंडपाच्या पडद्यामागे ओटीच्या पायऱ्या चढून गेली.

 सगळ्यांना वाटलं, काहीतरी आणायचं राहिलं असेल. पण माईक तिच्या पदराला होता. तिच्या पाटल्या वाजल्या. झोपाळ्याची कुरकुर थांबली. आणि तिचा आवाज अंगणभर आला:

"कच्चा चिकू चिकट भारी, धरून बसतो घशाला,
सूर्यकांतराव पिकले, तेव्हा बसले त्यांच्या उशाला."

त्यावर खोकला आला. इंजिनाचा हिसका, डबे, डबे, डबे. शेवटच्या "हं"पर्यंत.

आणि मंडपात टाळ्यांचा कडकडाट! "शैल्याने रेकॉर्डिंग लावलंय!" "काय डोकं आहे पोराचं! काकांचा जुना खोकला!" लोक येऊन माझी पाठ थोपटायला लागले. किराणावाला तर डोळे पुसत होता. मी आयुष्यभर थापा मारल्या त्याचं फळ हे. एकदाच खरं घडलं आणि श्रेय मला मिळालं.

फक्त दोन माणसं हसत नव्हती. पाटावर बसलेले मामा, आणि मी. मामांच्या कपाळावर कुंकू नव्हतं. थोड्या वेळाने मामी बाहेर आली, तेव्हा तिच्या ताम्हणातलं कुंकू बोटभर कमी झालेलं होतं.

६

इथे मी गोष्ट संपवली असती, तर मामा बिचारे राहिले असते. तसं नाही. मामी मनाने मोकळी बाई. तिने दोघांचंही सांभाळून घेतलं. सिलिंडर उचलायला, वीजबिल भरायला, चिकूच्या शेंड्यावर चढायला हे मामा. चारच्या चहाला ते. तीन कप उकळायला लागली. "बाकीच्यांना एक धड मिळत नाही," लाडकी म्हणाली, "आजीला बघा." तिने अजूनही झोपाळ्याकडे वर मान करून पाहिलेलं नाही. पाय दिसतात तेवढं तिला पुरतं.

मामा मात्र खट्टू. पळणं सोडवत नव्हतं, कारण अंगात घोडा अजून उधळत होता. परवा परवाची गोष्ट. ते समुद्रावर पळत होते, मी स्कूटरवरून बाजूने गप्पा मारत. सकाळची छान उन्हं, ओहोटी लागलेली. मामा एक चावट किस्सा सांगत होते आणि मधेच थांबले. तोंड उघडं. श्वास आत जाईना, बाहेर येईना. डोळे पांढरे करून वाळूत आडवे झाले.

मी स्कूटर टाकली आणि मामीला फोन लावला. "मामी, मामा पडले गं! श्वास थांबलाय!"

"ओरडू नकोस," मामी पलीकडून घाईत म्हणाली. "इकडे ह्यांना ठसका लागलाय. पाणी पाजतेय. घ्या हो, घ्या, एक घोट."

मी फोन कानाला लावून बसलो. मामांचे ओठ निळे होत होते. फोनमध्ये पाण्याची गुळगुळ, मामीचा "सावकाश, सावकाश". मग काहीच नाही. मग फार लांबून, चढावर अडकलेल्या मालगाडीसारखा, एक हिसका. एक डबा. थांबला. दुसरा डबा. मी वाळू मुठीत धरून त्या गाडीला ढकलत होतो असं म्हटलं तरी चालेल. आणि शेवटी, शेवटी, गार्डाच्या डब्यात, "हं".

मामांनी वाळूतून मोठा श्वास ओढला.

उठून बसले. माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिले. "कोण खोकलं?"

मी तोंड उघडलं. मला वाटलं, एखादी चांगलीशी थाप येईल. आली नाही. "तुम्हीच," मी म्हणालो.

मामा उठले. अंगावरची वाळू झटकली आणि घराकडे निघाले. पळत नाही, चालत. वाटेत मेडिकलमध्ये थांबले, खोकल्याचं औषध घेतलं आणि गुडघ्यांचं तेल घेतलं. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्हाला कशाला? तुम्ही तर घोडा!" मामा म्हणाले, "घरात वयस्कर माणूस आहे."

काल चारला मी गेलो होतो. मामीने मलाही चहा दिला. मामा झोपाळ्यासमोर जमिनीवर बसलेले, बाही दुमडून, तेलाची वाटी बाजूला. ते हवेत हात फिरवत होते, खाली-वर, खाली-वर. मी मनात म्हटलं, बिचाऱ्यांच्या डोक्याला हे शेवटी लागलंच. मी माझं नेहमीचं कारण शोधत होतो, वय, धक्का, पित्त. तेवढ्यात उन्हाची तिरीप चिकूच्या पानांतून ओटीवर आली.

तेल खाली सांडलेलं नव्हतं. फरशी कोरडी होती. मामांच्या हाताखाली ते तेल हवेतच होतं, पातळ, चमकतं, आणि त्याला आकार होता. वर वाटीसारखा गोल. खाली नडगीची धार. आणखी खाली, अगदी जमिनीलगत, अंगठ्यापाशी, काहीतरी काळं.

मी चहा बशीत न ओतताच गिळला. जीभ भाजली.

मामा घामेघूम झाले होते. दमून त्यांनी हात थांबवला, तशी झोपाळ्याच्या उजव्या टोकाकडून कुरकुर आली.

मामीने लसणावरून मान वर केली.

"थांबलात काय? नीट चोळा," ती मामांना म्हणाली. "परक्याचे आहेत का?"